पाल्यावरची पंगत

आमच्या आत्तींच्या रानात भाकरीचा तुकडा पडला तर तो झटकून खुशाल खावा, असं गावात म्हणायचे. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. निपाणी आणि कोगनोळीच्या मधल्या आमच्या गावात सासूला आत्ती म्हणायची रीत आहे. लग्न होऊन आले तेव्हा भाकरीची ही गोष्ट मला थट्टा वाटली होती. मग पहिल्याच उन्हाळ्यात आत्ती नांगरलेल्या रानात उकिडव्या बसून ढेकळांतल्या काड्या वेचताना दिसल्या, ताटातले तांदूळ निवडावेत तशा. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "बघत काय हुबी ऱ्हायलीस? तिकडचं टोक तू घे." मी नवी नवरी. हातातला चुडा वाजवत तिकडच्या टोकाला गेले आणि दुपारपर्यंत काड्या वेचत बसले.

मी मूळची गुंजीची. खानापूरकडच्या त्या भाताच्या मुलखात शेताला एवढं नटवत नाहीत. उन्हाळ्यात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून राब भाजायचा, पावसाची वाट बघायची, एवढंच. राबाच्या धुराच्या वासानं मला अजून माहेर आठवतं. हे आधीच सांगते, कारण पुढं मी धुराविरुद्ध बरीच बडबड करणार आहे आणि मी जन्मतःच शहाणी होते असा कुणाचा समज व्हायला नको.

लग्नानंतर आमचं बिऱ्हाड बेळगावात, खासबागेत. नवरा कारखान्यात, मी शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की आम्ही गावाकडं निघायचो आणि रविवारी संध्याकाळी पिशव्यांत भाजी कोंबून परत यायचो. अशा शेतीला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. खऱ्या शेळ्या आत्तीच हाकत होत्या, पायी.

मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "रस्त्याकडचं रान आता तू बघ. आप्पाला कारखान्यातनं सवड न्हाय." आप्पा म्हणजे माझा नवरा. मी म्हटलं, मला तरी कुठं सवड आहे? त्या म्हणाल्या, "तुला तोंड हाय. गड्यांस्नी तोंडच लागतंय." नवऱ्यानं आमटीत डोकं घातलं. तो हसत होता हे मला कानांवरून कळलं.

रस्त्याकडचं रान म्हणजे आमच्या घराचा दर्शनी भाग. येणारा-जाणारा आधी ते बघतो आणि मग आमच्याबद्दल काय ते मत बनवतो. त्या वेळी तिथला ऊस नुकताच तुटून गेला होता आणि गुडघाभर वाळला पाला पसरलेला होता. दर वर्षी आत्ती वारा पडलेला बघून स्वतः काडी लावायच्या. घटकाभरात रान काळंभोर. सगळ्या गावभर काजळी उडायची, वाळवणावर पडायची, आणि बायका पापड झटकत म्हणायच्या, आत्तींचं रान पेटलं वाटतं. मग नांगर, मग काड्या वेचणं. असा तो सोहळा.

त्याच सुमाराला गावात कार्बनवाले आले.

मारुतीच्या देवळाच्या मंडपात सभा भरली. धारवाडकडची एक तरुण मुलगी आली होती, हातात टॅबलेट, मराठी जरा जपून बोलायची पण स्पष्ट. तिनं सांगितलं की पिकं हवेतला कार्बन घेऊन वाढतात. पाला पेटवला की तो पुन्हा हवेत जातो. पाला रानातच कुजू दिला, नांगर कमी घातला, जमीन उघडी ठेवली नाही, तर त्यातला काही भाग मातीत सेंद्रिय कर्ब होऊन राहतो. माती भुसभुशीत होते, पाणी धरते. आणि असा कार्बन मातीत साठवला म्हणून लांबच्या कंपन्या शेतकऱ्याला मोबदला देतात. मागच्या खांबाला टेकलेले एक म्हातारबाबा बराच विचार करून म्हणाले, "म्हंजे आमी न काढलेला धूर तुमी इकत घेणार?" मुलगी म्हणाली, "हो, तसंच म्हणा." त्यावर दुसरे म्हणाले, "मग मी बिडी सोडून लई वर्सं झाली. मागचं काय मिळंल का?" आमचा हा सगळा तंबाखूचा मुलूख. मंडप हसून हसून खाली बसला. त्या दिवसापासून त्या लोकांचं गावात नाव पडलं धूरवाले.

नाव नोंदवताना आणखी गंमत. त्या टॅबलेटवर रानाची हद्द काढायची होती, आणि नकाशा आमचं रान महाराष्ट्रात दाखवायचा. आमच्या सीमेवरच्या गावात हे नेहमीचं आहे. विहिरीपाशी गेलं की मोबाइल महाराष्ट्रात स्वागत करतो, बांधावर आलं की कर्नाटकात. मुलगी घाम पुसत बांधावरून विहिरीकडं, विहिरीकडून बांधाकडं फिरत होती. नवरा तिला म्हणाला, "ताई, एवढ्या मोठ्या लोकांना ते जमलं न्हाय. तुम्ही चहा घ्या." मोबदला कधी आणि किती ह्याचं नक्की उत्तर तिच्याजवळ नव्हतं. मीही फार खोदून विचारलं नाही, कारण माझं लक्ष तिनं आधी केलेल्या एका साध्या गोष्टीत अडकलं होतं.

तिनं आमच्या रानातलं एक वाळलेलं ढेकूळ घेतलं आणि बांधावरच्या करंजाखालचं एक. करंजाखाली कुणी काडी वेचत नाही, झाडाचा पाला पडतो तसा पडून राहतो. दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन तिनं दोन्ही ढेकळं अलगद सोडली. आमचं ढेकूळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं विरघळलं आणि पेल्यात नुसता गाळ झाला. करंजाखालचं जसंच्या तसं बसून राहिलं. मी शाळेत मातीचे थर रंगीत खडूंनी फळ्यावर काढते, पण हे मी कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं झाडूनपुसून ठेवलेली आमची माती, आणि पाण्यात धड उभी राहीना. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. आत्तीही बघत होत्या. म्हणाल्या, "बांधावरचं ढेकूळ हाय मुरदाड. त्यात काय कवतिक." आणि उठून गेल्या.

मी ठरवून टाकलं की ह्या वर्षी पाला पेटवायचा नाही. माझं ठरवणं आणि भांडण ह्यांत फारसं अंतर नसतं. पुढच्याच रविवारी आत्ती कनवटीची काडीपेटी काढून बांधावर उभ्या, आणि मी सरळ पाल्यात जाऊन रानाच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, आता पेटवा.

"आप्पा," आत्ती शांतपणे म्हणाल्या, "हिला भाईर काड. होळीत बसायची हौस आलीया हिला."

आप्पा बांधावर उभे राहून ढगांकडं बघत होते, आणि ढग तर नव्हते. रस्त्यावर बायका थांबल्या. त्यात माझी थोरली चुलत जाऊही होती. तिला मी आक्का म्हणते. जीभ अशी की कोयता उसना मागायची गरज नाही. आक्का म्हणाली, "काय हो आत्ती, रानाला राखण ठेवलीसा व्हय?" आत्तींनी काडीपेटी परत कनवटीला लावली आणि काठी टेकत घरी गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, संध्याकाळी निघतानाही बोलल्या नाहीत. भाजीच्या पिशव्या मात्र भरून ठेवल्या होत्या.

परतताना तवंदीचा घाट चढेपर्यंत मी गाडीत एकटीच बोलत होते. घाट संपल्यावर नवरा म्हणाला, "तुला ठाव न्हाय. तिचं साफ रान म्हंजे हौस न्हवं." आणि मग त्यानं जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझे सासरे गेले तेव्हा तो शाळेत होता. दिवसकार्य झाल्यावर भावकीतले थोरले लोक घरी आले आणि म्हणाले, बाईमाणसाच्यानं रान होत नाही, रान आमच्याकडं द्या, आम्ही तुम्हांला पोटापुरतं घालू. आत्ती नाही म्हणाल्या. मग लोक टपून बसले. रानात चार काड्या दिसल्या, तण दिसलं, की चावडीवर बोललं जायचं, बघा, रानाला मालक नाही. म्हणून आत्ती उजाडायच्या आधी रानात जायच्या आणि दिसेल ती काडी उचलायच्या. काडी उरली नाही तशी बोलणीही उरली नाहीत. आणि एक गोष्ट त्यांनी मिळवली. शिगी पुनवेला रानाची ओटी त्या स्वतः भरायला लागल्या. विधवेनं ओटी भरायची नाही असा रिवाज, हळदीकुंकवाला त्यांना मागच्या ओळीत बसवायचे. पण त्यांच्या रानात त्यांना कोण अडवणार? त्या एका दिवशी सगळ्या गल्लीच्या बायका आत्तींच्या रानात यायच्या, आत्ती मालकीण म्हणून पुढं बसायच्या, आणि कुणाची ब्र काढायची टाप नसायची.

माझा निम्मा राग तिथंच उतरला. निम्मा मी जपून ठेवला, कारण अजिबात राग नसला की माझ्या हातून काम होत नाही.

शिगी पुनव म्हणजे आपली कोजागिरी. कानडी मुलखात त्या दिवशी रान गरवार आहे असं मानतात आणि तिचे डोहाळे पुरवतात. आमचं गाव मराठी बोलतं पण सण दोन्हीकडचे करतं. बेंदूरसुद्धा आम्ही दोनदा करतो, एक कर्नाटकी, एक महाराष्ट्री, दावणीला बैल असो वा नसो. पुनवेला उभ्या पिकात पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा, हिरवा खण नेसवायचा, ओटी भरायची, नैवेद्य रानात चारी बाजूंना शिंपडायचा आणि मग बायकांनी तिथंच पंगत मांडून जेवायचं. गल्लीची पंगत वर्षानुवर्षं आमच्याच रस्त्याकडच्या रानात. तेवढं लख्ख रान दुसरं नव्हतंच.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा आत्तींनीच तोंड उघडलं. "शिगी पुनवंपातूर तुझं. त्या दिशी बायका हितं बसल्या तर म्हणीन तुझं खरं. न्हाय बसल्या तर उन्हाळ्यात मी काडी लावणार, आणि तू तुझी शाळा बघायची." मी कबूल झाले. दुसरं करणार काय? त्यांचा अख्ख्या वर्षातला एक दिवस मी पणाला लावत होते, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं.

तर मग रान सुरू झालं. उसाची खोडं जमिनीलगत छाटली, पाला सगळ्या रानावर सारखा पसरला, आणि पावसाला सुरुवात झाल्यावर नांगर न घालताच बायका लावून पाल्याच्या फटींत सोयाबीन टोकला. मधे मधे तुरीच्या ओळी. टोकणाऱ्या बायका एकमेकींकडं बघून हसत होत्या. एक म्हणाली, "बाई, ह्यो सोयाबीन आमी पेरतोय का लपवतोय?" रस्त्यावरून जाणारे मोटरसायकल हळू करून बघायचे. एकानं मला विचारलं, "रान इकलंसा काय?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आत्तींनी त्या रस्त्यानं येणंच सोडलं. विहिरीकडं जायचं तर वळसा घालून जायच्या. आक्का मात्र रोज न चुकता जायची आणि मला फोनवर बातमी द्यायची, उंदरं झाली, साप दिसला, उकिरडा बरा. उंदीर झाले होते हे खरं. एका कोपऱ्यातलं रोप त्यांनी साफ खाल्लं. आणि त्याहून वाईट म्हणजे सोयाबीन पिवळा पडला. पाला कुजताना सुरुवातीला पिकाचा नत्र ओढून घेतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण शेजारची रानं हिरवीगार आणि आपलं कावीळ झाल्यागत, हे बघायला छाती लागते. त्या दिवसांत मी वर्गात पोरांवर फार खेकसायचे. धूरवाल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, शेणाचं पाणी सोडा आणि धीर धरा. शेण मिळालं. धीर मी कुठून आणणार?

मग पावसानं उघडीप दिली. चांगली लांबली. दुपारी शेजारच्या रानांतली पानं माना टाकायला लागली आणि काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडल्या. मी आमच्या रानात वाकून पाला बाजूला केला. खाली माती ओली होती. गार होती. पाल्याच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी धाग्यासारखी पसरलेली, आणि दोन गांडुळं उजेड पडताच लगबगीनं आत शिरली. मी बांधावर उभ्या नवऱ्याला हाका मारून बोलावलं. एवढ्यासाठी बोलावलंस, असं त्याच्या तोंडावर होतं, पण त्यानंही गुडघ्यावर बसून माती मुठीत घेतली, दाबली, हुंगली. "पावसाळ्यात देवराईत येतोय तसा वास हाय," म्हणाला. मला इतका आनंद झाला की बेळगावला जाताना हत्तरगीला थांबून त्याला भजी खाऊ घातली. सोयाबीनही हळूहळू हिरवा झाला. फार जोमदार नव्हता, शेजारच्यांच्या बरोबरीला आला एवढंच, पण मला तेवढ्यात स्वर्ग होता.

पुनव जवळ आली तशा शेंगा भरल्या. मी रजा टाकून आदल्या दिवशीच गावी गेले. संध्याकाळी रानाकडं नजर टाकली आणि जागच्या जागी थबकले. रस्त्याच्या कडेनं, पिकाच्या पुढ्यातला रुंद पट्टा स्वच्छ होता. पाला ओढून बांधाला ढीग घातलेला, माती झाडलेली आणि वर शेणानं सारवण. आमच्या घराचं अंगण नसेल इतकं सुरेख सारवलं होतं. मुलूखभरात रानाला सारवण घालणारी बाई एकच असेल.

मी तणतणत घरी गेले. आत्ती चुलीपुढं शेंगदाण्याच्या पोळ्या करत होत्या. म्हटलं, असं ठरलं नव्हतं. बायका पाल्यात बसतात का हे बघायचं होतं. तुम्ही त्यांना सारवून दिलंत, मग कोण जिंकलं आणि कोण हरलं? आत्तींनी पोळी उलटली. "जितायचं कुणाला हाय गं," त्या म्हणाल्या. "कोणच आलं न्हाय तर मी काय करू?"

एवढ्या वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. त्या मला हरवायला बघत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. माझी बोलती बंद झाली, आणि ही आमच्या घरात बातमी होण्यासारखी गोष्ट आहे. मी पदर खोचला आणि पोळ्या लाटायला बसले.

दिवेलागणीला परतीचा पाऊस कोसळला. तासभर नुसता धो धो. आम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत होतो.

सकाळी ऊन लख्ख पडलं. बायका डोक्यावर नैवेद्यानं भरलेल्या बुट्ट्या घेऊन आल्या, नव्या साड्या, हिरव्या बांगड्या, आणि सगळ्या रस्त्याच्या कडेला येऊन थांबल्या. आत्तींच्या सारवलेल्या पट्ट्याचं राडं झालं होतं. शेण आणि काळी माती मिळून असा चिखल की पहिल्याच बाईची चप्पल तिथं रुतून राहिली आणि ती एका पायावर उभी. आक्का म्हणाली, "चला, आमच्या रानात चला." तिचं रान आमच्याहून खोलगट, तिथं पाणीच उभं होतं. दुसरीनं आपल्या रानाचं नाव काढलं, तिथंही तीच गत. आजूबाजूला जिकडं नजर जाईल तिकडं लोकांची लख्ख रानं चिखलात बसली होती. डोक्यावरच्या बुट्ट्या जड व्हायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "घरीच पूजा करूया मग ह्या वर्षी."

मी आत्तींकडं बघितलं. त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण काठीवरची मूठ घट्ट होती. मी काहीच बोलले नाही. मी बोलले असते तर तो माझा पाला झाला असता.

आत्तींनी चपला रस्त्यावर काढून ठेवल्या. काठी टेकत चिखलाच्या कडेनं गेल्या आणि सोयाबीनच्या दोन ओळींमधल्या पाल्यात पाय ठेवला. एक पाऊल, मग दुसरं. पाय रुतला नाही. तुरीच्या जवळ मोकळी जागा होती तिथं थांबल्या, काठीनं पाला दाबून बघितला, आणि गुडघे धरत खाली बसल्या.

"चिखल न्हाय," त्या म्हणाल्या. "या."

आमच्या बांधाशेजारी एका जैन कुटुंबाचं रान आहे, तिथल्या काकी पुढं झाल्या. त्यांचा चातुर्मास, त्या आधी ओणव्या होऊन किडामुंगी आहे का बघत राहिल्या, पदराच्या टोकानं जागा हळूच झाडली आणि आत्तींच्या शेजारी टेकल्या. कानडीत काहीतरी बोलल्या, आत्ती हसल्या. मग एकेक जण पाल्यात उतरली. साडी सावरत, लटकंच ओरडत, पण उतरली. शेवटी रस्त्यावर आक्का एकटी उरली.

"पूजेपुरता तरी पाला बाजूला सारा की," ती तिथूनच म्हणाली. "देवाला काय उकिरड्यात बसवायचं?"

आत्तींनी मागं वळून बघितलं. "गरवार बाईला उघडी बसवत्यात व्हय गं?" त्या म्हणाल्या. "आपुन खण कशापायी नेसवतो मग? असू दे तिला झाकलेली."

काकी हसायला लागल्या आणि पाठोपाठ सगळ्याच. आक्का पण हसली. तिचं हसू फुटलं की ते तिलाही आवरत नाही. ती चपला हातात घेऊन पाल्यातनं आली आणि येऊन माझ्याच शेजारी बसली.

पाच दगड मांडले. पाल्यावरच मांडले. चुना लावला, हिरवा खण नेसवला. ओटीचं ताट तयार झालं, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि ताट आत्तींच्या पुढं ठेवून सगळ्या थांबल्या. दर वर्षी असंच असतं. आत्तींनी ओटी भरल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

आत्तींनी ताट उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मी म्हटलं, "आत्ती, तुम्ही भरा. ही तुमचीच ओटी आहे."

"रान माझं होतं तवर मी भरली," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश. "आता तुझं हाय. ज्याचं रान त्यानं भरायची."

अख्ख्या गल्लीत वर्षातून एकदा त्यांना पुढं बसायला मिळत होतं, आणि ती जागा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. मला रडू आलं. मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. तांदूळ निम्मे खणात आणि निम्मे पाल्यात पडले. आक्कानं माझ्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, "भर गं, घाई न्हाय."

ओटी भरून झाली. मग मी उठले, पंगत मांडली, आणि आत्तींना मधोमध बसवलं. दर वर्षी त्या सगळ्यांना वाढून शेवटी जेवायच्या. त्या दिवशी पहिलं ताट त्यांचं वाढलं.